पान झालं की उठायचं

आमचे टायपिंगचे सर लग्नाला गेले की अक्षता पडल्या पडल्या मांडवाबाहेर. हातातल्या शेवटच्या चार अक्षता नवरानवरीच्या डोक्यापर्यंत पोचल्या एवढं बघायचे आणि चपला शोधायला लागायचे. कोणी हात धरून म्हणालं, "सर, जेवून तर जा," की ते खरोखर गोंधळून विचारायचे, "काहून? लग्न लागलं ना?" यावर काकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, एक ठरलेलं बोलणं होतं. "माझ्या लग्नातही सातवं पाऊल पडलं आणि हे निघाले. मीच मागून गेली." त्या हे इतक्या गंभीरपणे सांगायच्या की नव्या माणसाला ते खरंच वाटायचं. मला अजूनही पुरती खात्री नाही.

असा हा माणूस, आणि त्याच्या हाताखाली मी हिंदी टायपिंग शिकले! रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात देवळामागच्या गल्लीत खाली बांगड्यांचं दुकान, बाजूने अंधारा जिना, आणि जिन्याच्या टोकाला एक लांबट खोली. भिंतीला लागून आठ-दहा जुनी मशीन. प्रत्येक मशीनचा स्वभाव वेगळा. एकाचा 'र' अडकायचा, एकाची घंटी मुळात वाजायचीच नाही, एकाचा रोलर ओळ संपायच्या आधी थकायचा. सगळी एकदम चालू झाली की खालच्या दुकानातल्या बांगड्या किणकिणायच्या.

शहरातले बाकीचे क्लास तासावर चालायचे. एक तास मशीन, तास भरला की उठा. आमच्या समोरच्याच माडीवर असा एक क्लास होता. तिथे दर तासाला पितळी घंटा व्हायची, की जिन्यावरून मुलं धडाधड उतरायची आणि धडाधड चढायची. सरांकडे तास हा प्रकारच नव्हता. तुम्ही यायचं, मशीन रिकामं दिसलं की बसायचं, सर एक पान द्यायचे, ते बिनचूक टाइप झालं की ओळीवरून बोट फिरवून स्वतः एकदा तपासायचं, सरांना द्यायचं आणि घरी जायचं. दहा मिनिटांत झालं तर दहा मिनिटांत जा. नाही झालं तर बसा. एक मात्रा इकडची तिकडे झाली तरी सर पान फाडायचे आणि कोरा कागद पुढे ठेवायचे. रागवायचे नाहीत. खोडरबर दिसला मात्र, तर तो खिडकीतून थेट गल्लीत. खालच्या बांगडीवाल्याने त्या रबरांवर नातवाची अख्खी प्राथमिक शाळा काढली, असं तो स्वतःच सांगायचा.

पहिल्या आठवड्यात माझं पान काही होईना. जिन्यावर पुढची पोरं ताटकळलेली, आणि मी घामाघूम. एके दिवशी आई मला शोधत जिना चढून आली.

"सर, पोरगी घरी कधी येईल?"

"पान होईल तेव्हा, वहिनी."

"अहो, पण सकाळची आलेली आहे ती!"

"तुम्ही पोळी घड्याळ पाहून तव्यावरून काढता का?" सरांनी विचारलं.

आई तशीच जिना उतरली. घरी येऊन मात्र बाबांना म्हणाली, "माणूस तिरपागडा आहे, पण पोळीचं बरोबर बोलला."

बाबांना हे बोलणं पटणं शक्यच नव्हतं. बाबा रेल्वेत होते, नुकतेच रिटायर झाले होते. घड्याळ हा त्यांचा धर्म. आमचे पणजोबा विदर्भातून इकडे आले तेही म्हणे वेळेवरच्या गाडीने. सर आणि बाबा पहिल्यांदा भेटले ते रसाच्या गाडीपाशी. बाबा अभिमानाने सांगत होते, "मी नोकरीभर दहाच्या ठोक्याला टेबलावर. एक दिवस लेट नाही." सरांनी रसाचा ग्लास खाली ठेवला आणि अगदी मनापासून, कुतूहलाने विचारलं, "वा! आणि मग टेबलावरून काय निघायचं?"

बाबा दोन दिवस जेवणावर राग काढत होते. सरांना आपण काही लागट बोललो याचा पत्ताही नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं!

हीच त्यांची गंमत होती. माणूस कोणालाही, कुठेही, हाच प्रश्न विचारायचा. सकाळी तुम्ही मशीनवर बसलात की पाठीमागे येऊन उभे. "आज काय घेऊन उठशील?" बस. किती वाजता आलीस, किती वेळ बसशील, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. मी एकदा मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "सर, तीन तासांपासून करून राहिली." सर म्हणाले, "करून राहिली, ते नको सांगू. झालं का, ते सांग. तीन तास तर तो खालचा बैलही उभा आहे." मी खिडकीतून पाहिलं, तर खरंच एक बैल उभा होता. आणि मला इतका राग आला, की त्या रागात पान झालं.

पान पहिल्यांदा बिनचूक निघण्याचा तो आनंद मी कसा सांगू! सरांनी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, बोट कुठेही थांबलं नाही, आणि ते म्हणाले, "जा घरी." फक्त दोन शब्द. मी जिना उतरले तो दोन-दोन पायऱ्यांनी. दुपारचे तीन सुद्धा वाजले नव्हते, अख्खी संध्याकाळ माझ्या मालकीची होती. मी बूढा तलावापर्यंत उगीच चालत गेले आणि उगीच चालत आले.

सरांच्या या घाईने घोटाळेही व्हायचे, ते लपवत नाही. आमच्या मराठी लोकांच्या गणपतीची सभा भरली होती. विषय एकच, लोकांना बसायला काय मांडायचं. चर्चा अशी रंगली, की चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. सर मधेच उठून गेले. लोकांना वाटलं, कंटाळले. तासाभराने ठेल्यावर खुर्च्या लादून सर हजर! घामाने निथळत, तोंडभर हसत. "घ्या, आल्या खुर्च्या." सभा गार पडली. कारण तोवर सतरंज्या ठरल्या होत्या, आणि सतरंजीवाल्याला निरोपही गेला होता. अध्यक्ष चिडून म्हणाले, "सर, ठराव सतरंजीचा झाला ना!" सर म्हणाले, "मग ठराव बसवा सतरंजीवर, माणसं बसू द्या खुर्चीवर." त्या वर्षी आम्ही सगळे सतरंजीवर खुर्च्या मांडून नाटक पाहिलं.

आणि एकदा आमच्याच गल्लीत एक गृहस्थ अचानक गेले. सरकारी नोकरीतले. मागे बायको आणि दोन लहान मुली. रिवाजाप्रमाणे सगळी गल्ली येऊन बसली, बायका आत, पुरुष ओट्यावर, कोणी काही बोलत नाही. सर आले. बसलेच नाहीत. दाराशी उभं राहून त्या बाईंना म्हणाले, "त्यांच्या नोकरीचे कागद कुठे आहेत?" लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. एका आजींनी तर पदर तोंडाला लावून "हे काय विचारणं झालं का?" असं म्हटलंच. बाईंनी रडत रडत ट्रंकेतून कागद दिले. सर तिथून इन्स्टिट्यूटमध्ये आले, मला मशीनवर बसवलं आणि पेन्शनचा अर्ज सांगायला लागले. अर्ज झाला, ते परत गेले, बाईंची सही घेतली, आणि सांत्वनाचा एक शब्द न बोलता निघून आले. गल्लीत पुष्कळ दिवस चर्चा होती, की या माणसाला काळीज नाही. पेन्शन सुरू झाली तेव्हा त्या बाई आईला म्हणाल्या, "बसायला सगळेच आले होते हो. यांनी काम केलं." हे ऐकून मला सरांचा जो अभिमान वाटला, तो मी त्यांना कधीच सांगितला नाही. सांगितला असता तर म्हणाले असते, "पान झालं का?"

राज्य नवीन झालं तो काळ आठवला की अजून अंगात वारं शिरतं. काय दिवस होते ते! काल-परवापर्यंत धान आणि लोखंडाचं गाव असलेलं आमचं रायपूर एका सकाळी उठलं ते राजधानी होऊन! जिकडेतिकडे पेंटर शिडीवर चढून जुन्या पाट्यांवरचं 'मध्यप्रदेश' खरवडत होते. भोपाळहून फायलींचे ट्रक यायचे. मंत्रालय एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत थाटलं होतं. साहेब लोक खोल्या शोधत पाऱ्यापाऱ्यातून, म्हणजे वस्तीवस्तीतून, हिंडत होते, आणि ज्याची वरची माडी रिकामी तो राजा. भनपुरीकडून येणारे ट्रक, लाल दिव्याच्या गाड्या, सायकल रिक्षा, सगळे एकाच चौकात एकमेकांवर ओरडायचे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नोकऱ्या! नव्या राज्याला बाबू हवे होते, टायपिस्ट हवे होते. सरांचा जिना रस्त्यापर्यंत भरला.

त्याच सुमारास एका नव्या खात्याची जाहिरात आली. टायपिंगची परीक्षा, पास झाला तो थेट नोकरीत. मशीन ज्याने त्याने आपापलं घेऊन यायचं. आमच्यातल्या सातजणांनी अर्ज भरला, पाच मुली आणि दोन मुलगे. सातांत मी होते आणि बीरगांवची दुलारी होती. दुलारीचे वडील उरला गावातल्या लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर. ती रोज बीरगांवहून टेम्पोत लटकत यायची, चणीने एवढीशी, पण मशीनवर बसली की खालच्या बांगड्या सगळ्यात जास्त हिच्यामुळे वाजायच्या.

माझं म्हणाल, तर माझं सगळंच त्या परीक्षेवर टांगलेलं होतं. अकोल्याचं एक स्थळ आलं होतं. माणसं चांगली होती, मुलगाही वाईट नव्हता. पण त्यांना सून घरात हवी होती. बाबांना पेन्शनीत किती दिवस ओढणार, ही काळजी. शेवटी त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "निकाल लागेपर्यंत अकोल्याला थांबवतो. पास झाली तर तुझ्या मनासारखं. नाही तर मले पुन्हा काही विचारू नको." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार! मला रायपूर सोडायचं नव्हतं, मला माझ्या पगाराची छत्री घेऊन माझ्या ऑफिसात जायचं होतं, आणि हे मी रोज देवळासमोरून जाताना देवीला स्पष्ट शब्दांत बजावत होते.

परीक्षेच्या सकाळी ब्राह्मणपाऱ्यातून आमची वरात निघाली. सात सायकल रिक्षा! प्रत्येकीत एक परीक्षार्थी, मांडीवर कुंचीत गुंडाळलेलं बाळ असावं तसं चादरीत गुंडाळलेलं मशीन. पुढे लूनावर सर. काकूंनी प्रत्येकाच्या हातावर दही-साखर ठेवली आणि 'र' अडकणाऱ्या मशीनलाही एक बोट लावलं. गल्लीतली माणसं ओट्यावर येऊन हात हलवत होती. थंडी अशी होती, की बोटं वळत नव्हती. शाळेजवळ, म्हणजे आमच्या सेंटरजवळ, सरांनी टपरीवर सात चहा सांगितले. मी कप तोंडाला लावणार तोच ओरडले, "पिऊ नको! धर! बोटं गरम कर आधी." दुलारीने मात्र पिऊनही घेतला आणि बोटंही शेकली.

हॉलमध्ये शेकडो मशीन. पर्यवेक्षक साहेब भोपाळहून बदलून आलेले, उंच, दमलेले, मफलर गुंडाळलेले. त्यांनी कागदावरून सूचना वाचल्या, "अनुच्छेद पूरा हो जाए तो फिर शुरू से टाइप कीजिए. घंटी बजने तक हाथ नहीं रुकना चाहिए." ऐकलं नाही, असं नाही. मी ऐकलं, मान सुद्धा हलवली. मग सुरुवातीची घंटी झाली आणि हॉल गरजायला लागला.

मी बसले ती माझ्या पानात. शेजारी कोण, मागे कोण, काही कळत नव्हतं. ओळीमागून ओळ, मात्रेमागून मात्रा. शेवटची उभी पाई, म्हणजे हिंदीतला पूर्णविराम, उमटली. मी कागद काढला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, टेबलावर ठेवला, मशीन चादरीत गुंडाळलं आणि उठले!

आणि पाहते तो काय, दुलारी माझ्याआधीच मशीन कमरेवर घेऊन उभी. तिकडून एक मुलगा उठतोय, पलीकडून दुसरी. आमचे सातच्या सात, हॉलभर विखुरलेले, एकेक करून उभे! बाकी सगळी माना खाली घालून खडखडताहेत.

"ए! कहाँ चल दिए?" साहेब धावत आले. "घंटी नहीं बजी अभी!"

"होगे साहब," म्हणजे झालं, असं दुलारी तिच्या बोलीत म्हणाली.

"क्या होगे?"

"पन्ना."

साहेबांना वाटलं, हा काहीतरी बहिष्काराचा प्रकार आहे. ते म्हणाले, "उठ गए तो अब बैठने का नियम नहीं है. बाहर." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात ती सूचना पुन्हा वाजली. घंटी होईपर्यंत! पुन्हा सुरुवातीपासून! पण आता मशीन हातात होतं, आणि पाठीमागे दार लागलं होतं.

फाटकाबाहेर सर कडुनिंबाखाली उभे. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा असा उजळला, की मला रडूच फुटायचं बाकी राहिलं.

"झालं?"

"झालं, सर."

"सगळ्यांचं? वा रे पोट्टेहो!" मग ते थबकले. आतून मशीनचा गडगडाट येतच होता. "मग हे बाकीचे लोक आत काय करून राहिले?"

मी सांगितलं. सर लूनाची किल्ली दुलारीच्या हातात देऊन तडक आत गेले. आम्ही सातजण मशीन घेऊन मागे.

घंटी झाल्यावर साहेब व्हरांड्यात आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "देखिए मास्टरजी, सीधी बात है. जितना टाइप किया, उसे पूरे समय से भाग देते हैं. अनुच्छेद बस उतना ही था, जितने में आदमी किनारे पर पास होता है. हर गलती पर कटता है. बाकियों ने दुबारा टाइप करके अपनी गलतियों की भरपाई कर ली. आपके बच्चों के पास भरपाई को कुछ है ही नहीं."

"और एक भी गलती न हो तो?" सरांनी विचारलं.

"तो पास." साहेब हसले, पण दयेने. "पर घबराहट में, ठंड में, ऐसा होता नहीं, मास्टरजी."

"मैं पन्ने देख लूँ?"

"वो तो अब सील हो गए."

सर वळले. आमच्या सातजणांच्या तोंडाकडे एकेक करून पाहिलं. ज्या माणसाने आयुष्यभर हातात पान आल्याशिवाय कोणाचंही काही मानलं नाही, त्याच्या हातात आता काहीच नव्हतं.

त्याच संध्याकाळी ते आमच्या घरी आले. बाबांसमोर उभं राहून म्हणाले, "तुमच्या पोरीला घंटीच्या आधी उठायची सवय मी लावली. नुकसान झालं तर ते माझं आहे." बाबांना केवढी संधी होती! रसाच्या गाडीपासूनचा हिशेब चुकता करता आला असता. पण बाबा पाट पुढे सरकवून म्हणाले, "बसा, मास्तर. चहा घ्या." आणि सर बसले. कप रिकामा झाल्यावरही बसून राहिले. मला ते बघवेना, मी आत निघून गेले.

पुढचे दिवस म्हणजे नुसता छळ. मी तो उतारा मनातल्या मनात पुन्हा पुन्हा टाइप करायची. 'नहीं'वरचा अनुस्वार दिला होता का? तिसऱ्या ओळीतला जोडाक्षराचा पाय मोडला होता का? भाकरी थापतानाही बोटं चालायची. आई म्हणायची, "अगं, परातीत काय टाइप करते?" अकोल्याहून फोन आला, की बाबा शेजाऱ्यांकडे जाऊन बोलून यायचे आणि काही न सांगता पेपर उघडायचे.

निकाल लागला त्या दिवशी खात्याच्या भिंतीपाशी जत्रा भरली होती. यादी एवढीशी, माणसं एवढी. आत शिरणं अशक्य! दुलारीने ओढणी कमरेला खोचली, खाली वाकली आणि लोकांच्या कोपरांखालून गायब झाली. आम्ही सहाजण बाहेर, एकमेकांचे हात घट्ट धरून. आमचे सातही नंबर दुलारीला पाठ होते.

आणि गर्दीच्या आतून तिची किंकाळी आली, "सब्बो झन! दीदी, सब्बो झन हन! सातों के सातों!"

मी काय केलं, मला नीट आठवत नाही. शेजारच्या एका अनोळखी बाईला मिठी मारली, एवढं आठवतं. त्या बाईनेही मला घट्ट धरलं, तिला वाटलं मी तिच्या मुलाचंच सांगतेय. मग आम्ही पळत सुटलो. रिक्षा थांबवायची शुद्ध कोणाला! बाजारातून, भाजीच्या ठेल्यांमधून, ओढण्या उडवत, ओरडत. अकोला गेलं! पळताना माझ्या डोक्यात एवढंच होतं, अकोला गेलं आणि रायपूर राहिलं!

जिना चढलो तो एका दमात. वर सर एकटे मशीनवर बसले होते. आमच्याकडे न पाहता त्यांनी हात वर केला. "थांबा." शेवटची पाई मारली, कागद ओढून काढला, त्यावरून बोट फिरवलं. बोट मधे एका ओळीवर थांबलं. त्यांनी पान फाडलं. तेव्हा पाहिलं, तर खुर्चीभोवती फाडलेल्या कागदांचा हा ढीग.

"सर, पास! सगळे पास!"

"सगळे?"

"सातही!"

"दुलारी?"

"मैंहू, सर!" दुलारी मागून ओरडली.

सर खुर्चीत मागे टेकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. डोळे वाहत होते, ते पुसायचं त्यांच्या लक्षातच येत नव्हतं.

"हा तुमच्याच परीक्षेचा उतारा आहे, तुम्ही मशीनसोबत आणलेल्या छापील कागदावरचा," ते म्हणाले. "त्या दिवसापासून रोज बसतो. दार लावून. सकाळी बसतो, दुपारी बसतो. एकदाही बिनचूक निघाला नाही, पोट्टेहो. इथे ना थंडी, ना घंटी, ना साहेब. तरी नाही. म्हटलं, मलेच जमून नाही राहिलं, तर या लेकरांना त्या हॉलमध्ये कसं जमलं असेल? मी तर धरूनच चाललो होतो, की गेलं सगळं. तुमच्या बाबांना काय तोंड दाखवू, हेच घोकत होतो."

रोज आमची पानं फाडणारा हा माणूस! मला एक क्षण त्यांचा राग आला, खरंच आला, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांना उचलून गल्लीभर मिरवावंसं वाटलं. काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या, त्याही हसावं की रडावं या पेचात.

शेवटी दुलारीनेच विचारलं, अगदी हळू, काळजीने.

"त सर, तुमन फेल होगेव?"

सरांनी फाडलेल्या कागदांकडे पाहिलं, मग आम्हा सातजणांकडे पाहिलं, आणि त्यांचं सगळं तोंड हसायला लागलं.

"हव," ते मान डोलावत म्हणाले.